समजात

परीक्षेचा मोसम आमच्याकडे उन्हाच्या थोडा आधी येतो. फेब्रुवारी सरता सरता प्रात्यक्षिकं उरकतात, प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसून कपाटात जातात आणि बाकांवर खडूने आसनक्रमांक पडायला लागतात. पिंपरीच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते, त्याच्या मागून रेल्वेचे रूळ जातात. कासारवाडी सोडून गाडी पुढे आली की खिडक्यांच्या काचा बारीक थरथरतात. पर्यवेक्षण करताना बोलायचं नसतं, वाचायचं नसतं, मोबाइल तर नाहीच. तीन तास नुसतं मुलांच्या वाकलेल्या मानांमधून फिरायचं. अशा वेळी मन कुठे जाईल त्यावर आपला ताबा नसतो.

यंदा रसायनशास्त्राच्या पेपरला मी वर्गावर होते. वर्गाबाहेर दप्तरांचा ढीग. एका दप्तरातून जीवशास्त्राची वही बाहेर सरकून उघडी पडली होती, पुढचा पेपर तोच म्हणून कुणी सोबत आणली असेल. पानावर पेन्सिलीने काढलेला माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचं वल्ह्यासारखं पर आणि गाईचा पुढचा पाय. चारही ठिकाणी तीच हाडं, त्याच क्रमाने, एकेका रंगात रंगवलेली. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी मी मुलींना मराठी शब्द देते, तोही तिने कडेला लिहून ठेवला होता : समजात.

मी वही मिटून दप्तरात सरकवली. पण दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना काही आत सरकेना.

दादा म्हणजे माझे सासरे. चाकणच्या पुढे त्यांचं गाव आहे. निम्मी जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या निम्म्यात कांदा, गुरांसाठी घास आणि चार गाई. गोठ्याच्या भिंतीला लागून एका कंपनीचं कुंपण आहे. तिथला सकाळच्या शिफ्टचा भोंगा झाला की गाई आपसूक धारेला उभ्या राहतात. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. थोरले दीर आणि जाऊबाई गावी दादांसोबत असतात. सचिन, माझा नवरा, धाकटा. त्याचं भोसरीत पत्र्याच्या भागांचे साचे बनवायचं छोटं टूलरूम आहे, आणि आम्ही राहतो संत तुकाराम नगरमध्ये.

मी बौद्ध घरातली. आजोबा मराठवाड्यातून इथल्या कारखान्यात कामाला आले, वडील त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. आम्ही लग्न ठरवलं तेव्हा दादा भांडले नाहीत, ओरडले नाहीत. नोंदणीच्या दिवशी आले, साक्षीदार म्हणून सही केली आणि जेवणाआधी निघून गेले. पुढच्या अकरा वर्षांत ते आमच्या घरी तीनदा आले. तिन्ही वेळा खुर्चीवर बसले आणि पाण्याचा पेला पुढे केला की म्हणाले, “पथ्य हाय.” पाण्याचं कसलं पथ्य, हे कुणी विचारलं नाही. माझ्याशी ते कधी वाकडं बोलले नाहीत, कारण ते माझ्याशी बोललेच नाहीत. जे काय सांगायचं ते माझ्या लेकीला, ओवीला. “तुझ्या आईला सांग, कांद्याची गोणी जिन्याखाली ठिवलीया.” मी शेजारीच उभी असे. ओवीला तो खेळ वाटायचा. ती माझ्याकडे वळून तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायची.

मी चिडायचे का? सुरुवातीला खूप. नंतर राग असा रोजचा राहत नाही. तो घरातल्या एखाद्या न वापरायच्या खोलीसारखा होतो. दार बंद असतं, आणि आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत दादा गोठ्यात चक्कर येऊन पडले. घासाचा भारा उचलून चार पावलं चालले होते, एवढंच. आधीही धाप लागत होती, ते कुणाला बोलले नव्हते. पिंपरीच्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. हृदयातून अंगभर रक्त जातं त्या दारावरची झडप कठीण होऊन आकसली होती. सर्जनबाई तरुण होत्या, हळू आणि स्पष्ट बोलायच्या. दादांना तपासणीसाठी रक्त द्यायला आत नेलं होतं तेव्हा त्यांनी मला आणि सचिनला समोर बसवलं. झडप बदलावी लागेल, फार थांबता येणार नाही. नवी झडप दोन प्रकारची मिळते. एक धातूची. ती जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते आणि रक्त वारंवार तपासावं लागतं. दुसरी जैविक. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही, मात्र दहा-पंधरा वर्षांनी ती झिजू शकते.

“जैविक म्हणजे?” सचिनने विचारलं.

“गाईच्या हृदयाभोवती एक पडदा असतो, त्याची बनवतात. यांचं वय चौसष्ट, म्हणजे दोन्ही चालेल. पण शेती करतात, विळे-कोयते हाताळतात. रक्त पातळ असलं की लहान जखमही त्रास देते. मी जैविक सुचवेन. त्यांना नीट सांगा, मग ठरवा.”

सचिनचा चेहरा मी पाहिला. ज्या माणसाने आटलेली गाय कधी बाजारात नेली नाही, त्याच्या मुलाचा चेहरा होता तो.

गावाहून रोजचं येणं-जाणं चाकणच्या वाहतुकीत शक्य नव्हतं. शस्त्रक्रियेपर्यंतचे अडीच आठवडे दादा आमच्याकडे राहिले. येताना स्वतःचा तांब्याचा तांब्या घेऊन आले. रोज सकाळी दुधाच्या टेंपोतून जाऊबाईंचा डबा यायचा, भाकरी, कालवण, आणि एका कॅनमध्ये विहिरीचं पाणी.  माझ्या उजळणीच्या तासांचा तो सगळ्यात गर्दीचा काळ होता. बारावीच्या मुली घरीही यायच्या. त्या आल्या की दादा गॅलरीत खुर्ची नेऊन बसायचे.

त्या दिवसांचा एक वास माझ्याकडे अजून आहे. खालच्या गल्लीत रसवंती नुकती सुरू झाली होती, तिच्या घुंगरांच्या आवाजासोबत आल्याचा आणि लिंबाचा वास वर यायचा. कडुनिंबाला तांबूस पालवी. संध्याकाळी सचिन आला की त्याच्या शर्टाला मशिनवरच्या तेलपाण्याचा वास. आणि दादांच्या उपरण्याला, कितीही धुतलं तरी, गोठ्याचा. माझ्या घराला तो वास नवा होता. पण वाईट वाटत नव्हता, हे मला तेव्हा मान्य करायचं नव्हतं.

एका संध्याकाळी सचिन स्वयंपाकघरात आला, दार लोटलं.

“दादा विचारतात, जैविक म्हणजे काय. मी म्हटलं, विशाखाला माहीत, ती शिकवते.”

“मग?”

“तू सांग ना, कापडाची असते म्हणून. शास्त्रातल्या बाईने सांगितलं तर पटेल त्यांना.”

“खोटं सांगू?”

“अर्धं खरं. कसला तरी पडदाच असतो ना तो. एका शब्दाचा प्रश्न आहे, विशू. त्यांचा जीव आहे.”

मी कणीक मळत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला मोह झाला, आणि तो त्यांचा जीव वाचवण्याचा नव्हता. ज्याने अकरा वर्षं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, त्याच्या छातीत त्याला न कळता गाईचं काळीज शिवलं जाईल आणि ते फक्त मला ठाऊक असेल, या विचारात एक विषारी गोडी होती. तीच मला घाबरवून गेली.

“नाही,” मी म्हणाले. “त्यांनी विचारलं तर मी खरंच सांगेन.”

“आणि त्यांनी शस्त्रक्रियाच नाकारली तर?”

मी मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकलं. सचिन बाहेर गेला. त्या रात्री आम्ही तिघं जेवलो, दादा त्यांच्या डब्यातलं जेवले.

दोन दिवसांनी रविवार होता. तासासाठी मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला होता. भिंतीवर हाडांचा तक्ता आणि टेबलावर मण्यांच्या दोन माळा. प्रथिनं ही लहान लहान दुव्यांची साखळी असते. दुवे वीस प्रकारचे, म्हणून वीस रंगांचे मणी. मी आणि ओवीने बसून एक माळ माणसाच्या इन्सुलिनची ओवली होती आणि दुसरी गाईच्या. एकेकीत एक्कावन्न मणी. मुली यायला अवकाश होता. दादा गॅलरीतून आत आले आणि तक्त्यासमोर उभे राहिले.

“ओवी, तुझ्या आईला इचार, ह्ये काय लिवलंय.”

ओवी आंघोळीला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. दादांनी इकडेतिकडे पाहिलं. मी वाट पाहिली, आणि मग म्हणाले, “समजात अवयव.”

“समजात.” ते थांबले. “म्हंजे एका जातीचं?”

वर पंखा फिरत होता. हा शब्द मी वर्गात इतक्या वर्षांत शेकडो वेळा उच्चारला असेन. त्यात काय दडलंय ते कधी ऐकलं नव्हतं.

“जात म्हणजे जन्मलेलं, दादा. नवजात बाळ म्हणतो ना आपण, तसं. समजात म्हणजे एकाच मुळातून जन्मलेलं. हा माणसाचा हात, हा गाईचा पाय. कामं वेगळी, दिसणं वेगळं. पण हाडं मोजत जा, तीच आणि त्याच क्रमाने. कारण कित्येक कोटी वर्षांमागे दोघांचा पूर्वज एक होता.”

त्यांनी पूर्वजाचं मनावर घेतलं नाही. बोट गाईच्या पायावर ठेवलं. “ह्यो गुडघा.”

“गुडघा म्हणतो आपण. पण हाडं बघा. ते मनगट आहे.”

दादा जवळ गेले. मग स्वतःचं मनगट धरून वाकवून पाहिलं. पुन्हा तक्ता पाहिला. “मंग खाली?”

“तळहाताची हाडं, लांब झालेली. त्याखाली दोन बोटं. मधलं आणि त्याच्या शेजारचं. खूर म्हणजे त्या बोटांची नखं.”

त्यांनी टेबलावर हात टेकवला. हळूहळू तळवा उचलून फक्त दोन बोटांच्या टोकांवर भार दिला आणि थोडा वेळ तसेच वाकून राहिले.

“अशी हुबी ऱ्हाती व्हय ती? सगळा जलम?” ते स्वतःशीच म्हणाले. “चाळीस वर्सं गुरांत गेली. ह्ये कुनी सांगितलं न्हाई.”

सचिन तेवढ्यात उठून बाहेर आला. आम्ही बोलतोय हे पाहून दारातच थबकला. मग काहीतरी करायचं म्हणून त्याने आपल्या पिशवीतून पत्र्याचे दोन ब्रॅकेट काढून दादांपुढे ठेवले. “हे बघा. दोन वेगळ्या कंपन्यांचे. दोन्हीला हे एक भोक आहे. यात काहीच बसत नाही, बोल्ट नाही, पिन नाही. कशाला ठेवलंय, कुणालाच माहीत नाही. म्हणजे काय? दोघांचं मूळ ड्रॉइंग एक. तिथे कधीकाळी याचा उपयोग होता, पुढे नुसतं उतरत आलं.”

“बिनकामाच्या भोकावनं नातं कळतं म्हन की,” दादा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. एवढी नेमकी व्याख्या माझ्या वर्गात कुणी केली नव्हती. सारखेपणा दोघांच्या कामामुळेही येतो. फुलपाखरालाही पंख, वटवाघळालाही पंख, कारण दोघांना उडायचंय. त्यावरून नातं सिद्ध होत नाही. पण जिथे गरज नसतानाही तीच गोष्ट दोघांकडे सापडते, तिथे बहुधा कुठेतरी मागे एकच घर असतं.

दादांनी माळा उचलल्या. मी सांगितलं, साखरेच्या आजारात टोचतात ते औषध, त्यातली ही माणसाची माळ, ही गाईची. पूर्वी गाई-डुकरांच्या शरीरातूनच ते काढून माणसांना देत. दादांनी दोन्ही माळा शेजारी शेजारी सरळ केल्या आणि एकेक मणी बोटाखालून पुढे घालवत गेले. चष्मा गॅलरीत राहिला होता, म्हणून डोळे बारीक केलेले. “हितं येगळं.” एक मणी सोडून, “ह्ये बी.” मग बराच वेळ सारखंच, आणि शेवटी, अगदी टोकाला, “ह्यो.”

“तीनच.”

“तीनच,” ते म्हणाले. माळा तशाच हातात ठेवून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. “आता सांग. ती जैविक झडप कशाची असती?”

सचिनची नजर मला जाणवत होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“गाईच्या काळजाभोवतीच्या पडद्याची.”

“मेलेल्या?”

“कापलेल्या, दादा. त्यासाठी म्हणून कापत नाहीत. पण कापलेल्याच.”

त्यांनी माळेच्या टोकाचा मणी चिमटीत धरला. मग विचारलं, “काळजाभवती पडदा असतोय त्ये तुला कसं ठावं? बघितलाय?”

“बोकडाचं हृदय चिरून शिकलेय मी.” इथे थांबता आलं असतं. पण थांबले नाही. “आणि माझ्या आजोबांना न शिकता ठाऊक होतं. त्यांच्या गावातली मेलेली गुरं ओढून न्यायचं काम आमच्या घराकडे होतं. ती फाडायची, कातडं सोडवायचं. ते काम त्यांनी सोडलं आणि इकडे आले. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नाही. मीही आज पहिल्यांदा बोलतेय.”

 सचिनलाही हे माहीत नव्हतं. त्याने ब्रॅकेट हळूच पिशवीत परत टाकले, त्यांचा एकमेकांवर वाजलेला आवाज खूप मोठा वाटला. ओवी ओल्या केसांनी बाहेर आली आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहून म्हणाली, “काय झालं?”

दादांनी माळा जिथून उचलल्या होत्या तिथे ठेवल्या. खुर्ची ओढली.

“च्या हाय का?” ते म्हणाले. ओवीला नाही. मला.

मी चहा ठेवला. साखर घातली की नाही तेही मला आठवत नाही. त्यांनी बशीत ओतून, फुंकर घालून सगळा प्यायला. नंतर मुली आल्या, तास सुरू झाला, दादा गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निर्णय सांगितला. “लोखंडाची बसवा.”

सचिन समजावत होता. रोजची गोळी, रक्त तपासायला येरझारा, विळा लागला तर काय. दादांनी ऐकून घेतलं. “समदं कळलं मला. पर धार काढताना मी तिच्या पोटाला डोस्कं टेकवून बसतोय, सच्या. छातीत तिचंच कापल्यालं घिऊन तिथं बसवणार न्हाई मला. दुसऱ्याला जमत आसंल, त्याला मी नावं ठिवत न्हाई.”

दार लागल्यावर सचिन मला म्हणाला, “झालं तुझं समाधान?” आणि कामावर गेला. त्याचं चुकत नव्हतं. जैविक झडप त्यांच्यासाठी सोयीची होती, आणि माझ्या खरेपणामुळे त्यांनी अवघड वाट घेतली होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर बसून मी सहा तास याच एका गोष्टीचा विचार केला. काही बरंवाईट झालं तर ते माझ्या नावावर असेल. सचिन माझ्या शेजारी बसला होता, पण आमच्या दोघांमध्ये त्याने हेल्मेट ठेवलं होतं. दुपारी उशिरा सर्जनबाई आल्या, टोपी काढली, आणि म्हणाल्या, “छान झालं.” तेव्हा त्याने हेल्मेट उचलून खाली ठेवलं.

दादा बरे झाले. सावकाश, पण झाले. एप्रिलचा अख्खा महिना ते आमच्याकडेच होते. त्यांच्या छातीतून आता बारीक टिकटिक यायची. पंखा बंद असला, रसवंती थांबली असली की ऐकू यायची. ओवी कान लावून मोजायची. डबा यायचा बंद झाला. तो कधी बंद करायचा हे कुणी ठरवलं नाही. जाऊबाईंची कांदा काढणी सुरू झाली, दोन दिवस टेंपो चुकला आणि मी भाकरी वाढली. पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात द्यायची होती, कमी-जास्त झाली तर गोळीचा हिशेब बिघडतो. मी मेथी वाटीने मोजायचे. दादा त्या वाटीकडे संशयाने पाहायचे.

“ही गोळी कशाची?” त्यांनी एकदा विचारलं. मागचा अनुभव असूनही मी पुन्हा खरं सांगितलं. लांबच्या कुठल्या मुलखात कुणाच्या गाई बुरशी लागलेला घास खाऊन रक्तस्रावाने मरायला लागल्या. जरा जखम झाली की रक्त थांबेना. त्या घासात काय होतं ते लोकांनी शोधलं. त्यावरून आधी उंदरांचं विष केलं आणि मग तेच मोजून मापून माणसांचं औषध. गाईच्या, उंदराच्या आणि आपल्या रक्ताला गोठवणारी प्रथिनं एकाच मुळातून आलेली, म्हणून जे तिकडे चालतं ते इकडेही चालतं.

दादा ऐकत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. शिवण दुखू नये म्हणून छातीला उशी धरून हसत होते. “म्हंजे गाय काय सुटंना. आन वर उंदीर आला पावना.”

मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. सचिनने वळून पाहिलं, आणि तोही हसला.

वर्गात मी मुलींना एक गोष्ट दरवर्षी सांगते, कारण ती दरवर्षी चुकते. अमुक दोन जनुकं ऐंशी टक्के समजात आहेत, असं त्या लिहितात. तसं लिहायचं नसतं. टक्क्यांत मोजतात ते साम्य. दोन साखळ्या शेजारी ठेवल्या, किती दुवे जुळले ते मोजलं, आकडा आला. नातं मोजता येत नाही. एकतर मूळ एक असतं किंवा नसतं. साम्य इतकं पुसट होऊ शकतं की शोधूनही सापडू नये, तरी नातं असतं. पूर्वी मी हे परीक्षेपुरतं सांगायचे. आता सांगताना मध्येच थांबते. मुलींना वाटतं बाई पुढचा मुद्दा विसरल्या.

सारखेपणाचं तर आमच्यात काहीच नव्हतं, दादांच्या आणि माझ्या. बोली वेगळी, देव वेगळे, भीती वेगळ्या. आजही ते मला लेकीसारखी म्हणत नाहीत, आणि म्हटलं तर मला अवघडायला होईल. गावी गेलं की काही घरं आहेत, तिथे ते मला नेत नाहीत. मला ते कळतं, त्यांना कळतं की मला कळतं. एका शस्त्रक्रियेने माणूस नवा होत नाही. पण ते आता माझं नाव घेतात.

दर महिन्याला रक्त तपासायला ते पिंपरीला येतात. तपासणी झाली की आमच्याकडे जेवतात आणि दुपारच्या बसने परत जातात. परवा, त्या रसायनशास्त्राच्या पेपरच्याच दिवशी, आले होते. मी घरी पोचले तर टेबलाशी बसून छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पाहत होते. छातीचं मधलं हाड तारेने शिवलेलं असतं. त्या तारांचे वेढे पांढरे, स्पष्ट दिसत होते.

“तार,” ते म्हणाले. “हितं ऱ्हाऊ द्येत्यात म्हनं, जलमभर.”

“हो. त्रास नाही तिचा.”

मी ताट वाढलं. त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला, पण जेवायला सुरुवात केली नाही.

“मी पंधरा-सोळा वर्सांचा आसंन,” ते म्हणाले. “आमची एक गाय झुरून मेली. काय झालं कुनाला कळंना. खातीपीती गाय. वस्तीवरला मानूस आला, तिला घिऊन ग्येला. सांजच्याला परत आला, अंगणाच्या भाईर हुबा ऱ्हायला. म्हनला, काळजात तार घुसलीती. चाऱ्यातनं ग्येली आसंल, कुंपणाची. बाकीच्या गुरांचा चारा बघून घाला.” त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. तांब्या आमच्याच घरातला होता. “आमच्या बापानं ऐकलं, आन जा म्हनला. आमी समदी गव्हाण उपसली, दोन तुकडं सापडलं. बाकीची गुरं वाचली त्याच्यामुळं. त्याला कुनी बस म्हनलं न्हाई. पानी इचारलं न्हाई.”

“तुम्हाला आठवतो तो?”

“त्वांड आठवतंय. हात आठवत्यात. नाव न्हाई.” त्यांनी पेला ताटाशेजारी ठेवला. “आठवत न्हाई आसं न्हाई, विशाखा. आमी इचारलंच न्हवतं.”

बाहेर शाळेची बस थांबली, मुलं उतरल्याचा गलका झाला. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला.

“तुझ्या आज्याचं नाव काय?”

“धोंडिबा,” मी म्हणाले.

“धोंडिबा.” त्यांनी ते नाव एकदा नीट, सावकाश उच्चारलं. मग खाली मान घालून जेवायला लागले, आणि मी त्यांच्या ताटात मेथी वाढली.